डच स्त्री-रग्बीपटूंची कारकीर्द आणि मान्यतेचा प्रश्न : १९८२–२०२५

क्रीडेच्या इतिहासात खेळाडूची कारकीर्द हे एक स्वयंसिद्ध परिमाण मानण्याची प्रथा आहे. पहिला आंतरराष्ट्रीय सामना कोणत्या वर्षी, अखेरचा कोणत्या वर्षी, मधल्या काळात सामने किती आणि गुण किती, एवढे सांगितले म्हणजे कारकीर्द सांगून झाली, असे समजले जाते. परंतु या आकड्यांच्या मागे एक पूर्वअट दडलेली असते. अमुक सामना ‘आंतरराष्ट्रीय’ होता असे ठरविणारी एखादी संस्था आधी अस्तित्वात असावी लागते आणि त्या संस्थेने तो सामना मोजण्यायोग्य मानावा लागतो. जेथे खेळ आधी आला आणि मान्यता मागाहून आली, तेथे कारकीर्दीचे मोजमाप कोणत्या मापाने करावयाचे?

नेदर्लंड्समधील स्त्री-रग्बीपटूंचा इतिहास हा या प्रश्नाचा विशेष बोधप्रद नमुना होय. स्त्रियांचा पहिला आंतरराष्ट्रीय रग्बी सामना ज्या दोन संघांत झाला, त्यांपैकी एक डच होता. अधिकृत मान्यतेने भरलेली पहिली विश्वचषक स्पर्धाही डच भूमीवरच झाली. असे असूनही २००२ नंतर पंधरा जणींच्या रग्बीच्या विश्वचषकात डच संघ दिसत नाही. आरंभी अग्रभागी असलेला देश खेळाला प्रतिष्ठा लाभताच मागे पडला. हा केवळ योगायोग नव्हे. मान्यतेबरोबर साधनसंपत्ती, वेळापत्रक आणि प्रवेशाचे निकष आले, आणि हे तिन्ही पुरुषांच्या रग्बीच्या जुन्या नकाशावरून आखले गेले. त्या नकाशात नेदर्लंड्सला मध्यवर्ती स्थान कधीच नव्हते.

१

नेदर्लंड्समध्ये रग्बी हा विद्यार्थ्यांचा खेळ म्हणून रुजला. देशातील विद्यमान क्लबांपैकी सर्वांत जुना क्लब १९१८ मध्ये डेल्फ्ट येथील विद्यार्थ्यांनी स्थापन केला. राष्ट्रीय रग्बी संघटना १९३२ मध्ये उभी राहिली. १९३४ मध्ये फ्रान्सच्या पुढाकाराने युरोपखंडातील रग्बी संघटनांचे जे मंडळ निर्माण झाले, त्याच्या छत्राखाली डच पुरुष संघ खेळत असे. तथापि रग्बीची खरी सत्ता अन्यत्र होती. १८८६ मध्ये स्थापन झालेले आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळ हे दीर्घकाळ ब्रिटिश बेटांतील चार संघटना आणि न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका यांच्यापुरतेच मर्यादित राहिले. फ्रान्सला तेथे प्रवेश मिळाला तो १९७८ मध्ये. म्हणजे डच स्त्रियांनी पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तेव्हा या मंडळाचे सदस्य अवघे आठ होते. डच रग्बी, मग ती पुरुषांची असो वा स्त्रियांची, या वर्तुळाच्या परिघाबाहेर होती.

यावरून डच स्त्रिया क्रीडेला नवख्या होत्या असे मात्र समजू नये. कोर्फबॉल हा स्त्रीपुरुषांनी एकत्र खेळावयाचा खेळ १९०२ मध्ये ॲमस्टरडॅम येथेच निर्माण झाला. ऑलिंपिक क्रीडासामन्यांत मैदानी शर्यतींचे दार स्त्रियांना प्रथम उघडले तेही १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये. अर्थात तेथेच आठशे मीटरच्या शर्यतीनंतर स्पर्धक स्त्रिया थकून गेल्याचा गवगवा होऊन ती शर्यत रद्द झाली आणि १९६० पर्यंत स्त्रियांसाठी पुन्हा ठेवण्यात आली नाही. १९४८ मध्ये लंडन येथे फॅनी ब्लँकर्स-कून हिने चार सुवर्णपदके मिळविली, तेव्हा ती तीस वर्षांची आणि दोन मुलांची आई होती. तिच्या वयाची व मातृत्वाची त्यापूर्वी टीकाकारांनी केलेली चर्चा या विजयाने फोल ठरली. हॉकीत तर डच स्त्रियांनी १९७४ मधील पहिला विश्वचषकच जिंकला.

तेव्हा प्रश्न स्त्रियांनी खेळावे की नाही हा नव्हता. कोणते खेळ खेळावेत, हा होता. धावणे, चेंडू टोलविणे, जाळ्यात टाकणे हे समाजाने पत्करले होते. परंतु प्रतिस्पर्ध्याला अंगाने भिडणे, त्याला टॅकल करून जमिनीवर पाडणे आणि स्क्रममध्ये खांद्याला खांदा लावून रेटणे, हे स्त्रीत्वाच्या रूढ कल्पनेत बसणारे नव्हते. फ्रान्समध्ये स्त्रियांच्या रग्बीची स्वतंत्र संघटना १९७० मध्ये स्थापन झाली; परंतु दोनच वर्षांनी तेथील शासकीय क्रीडाविभागाने हा खेळ स्त्रियांना अयोग्य असल्याची भूमिका घेऊन त्याला पाठिंबा न देण्याचे धोरण जाहीर केले. स्त्रियांच्या रग्बीचा आरंभ अनेक देशांत क्लबांच्या आणि विद्यापीठांच्या मैदानांवर स्वतःच्या बळावर झाला, त्याचे कारण हेच.

२

१३ जून १९८२ रोजी उट्रेख्ट येथे नेदर्लंड्स आणि फ्रान्स यांच्या स्त्री-संघांमध्ये सामना झाला. डच रग्बी संघटनेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील हा एक कार्यक्रम होता. सामना फ्रान्सने ४–० असा जिंकला. प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकविला की ‘ट्राय’ होतो आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे एका ट्रायला चार गुण मिळत. म्हणजे सबंध सामन्यात एकच ट्राय झाला. तो इझाबेल देकां हिने केला.

या सामन्याला अकरा वर्षांपूर्वीचा एक विलक्षण जोडीदार आहे. १७ एप्रिल १९७१ रोजी फ्रान्समधील आझब्रुक येथे स्त्रियांचा जो फुटबॉल सामना झाला, तो पुढे जागतिक फुटबॉल महासंघाने स्त्रियांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना म्हणून मान्य केला. तोही फ्रान्स आणि नेदर्लंड्स यांच्यातच झाला होता आणि त्याचाही निकाल ४–० असाच होता. फरक इतकाच की तेथे चार गोल होते व येथे एक ट्राय. दोन्ही खेळांत हेच दोन शेजारी प्रथम समोरासमोर यावेत आणि दोन्ही सामन्यांचे महत्त्व मागाहून ठरावे, यातून एक गोष्ट दिसते. स्त्रियांच्या क्रीडेतील आरंभ बलाढ्य संघटनांच्या राजधान्यांत झाला नाही. तो जेथे दोन छोट्या गटांना परस्परांपर्यंत पोहोचणे शक्य होते तेथे झाला.

उट्रेख्टच्या सामन्यातील दोन्ही बाजूंची संघटनात्मक स्थिती भिन्न होती, हे लक्षात घेणे अगत्याचे आहे. डच संघ राष्ट्रीय रग्बी संघटनेच्या महोत्सवात खेळत होता. म्हणजे पुरुषांच्या संघटनेने स्त्रियांना आपल्या घरात, निदान ओसरीवर, जागा दिली होती. फ्रेंच संघामागे स्त्रियांची वेगळी संघटना होती. ती फ्रेंच रग्बी महासंघात विलीन झाली १९८९ मध्ये. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, ब्रिटिश बेटांतील स्त्रियांनीही आपली स्वतंत्र रग्बी संघटना उभारली. मातृसंस्थेच्या आश्रयाने वाढणे आणि स्वतंत्रपणे उभे राहणे, असे हे दोन मार्ग होते. पहिल्या मार्गाने डच स्त्रियांना पहिला सामना मिळवून दिला. त्याच मार्गाची किंमत त्यांना बारा वर्षांनी मोजावी लागली.

३

१९८२ ते १९९१ हा डच स्त्री-रग्बीचा सर्वांत मोकळा काळ म्हणता येईल. खेळणारे देश मोजके होते आणि त्यांत नेदर्लंड्सचे स्थान पहिल्या रांगेत होते. १९८८ मध्ये फ्रान्समधील बूर-आं-ब्रेस येथे झालेल्या युरोपीय स्पर्धेत चार संघ होते : फ्रान्स, ग्रेट ब्रिटन, इटली आणि नेदर्लंड्स. १९९० मध्ये न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे स्त्रियांचा रग्बी महोत्सव भरला, तेव्हा यजमानांच्या समवेत अमेरिका, सोव्हिएत संघ आणि नेदर्लंड्स यांचे संघ उतरले. या यादीतून एक गोष्ट ध्यानात येते. पुरुषांच्या रग्बीत ज्या अमेरिकेला वा सोव्हिएत संघाला कोणी अग्रगण्य मानीत नसे, ते देश स्त्रियांच्या रग्बीत समान पायरीवर उभे होते. मान्यता कोणालाच नव्हती; त्यामुळे मान्यतेतून येणारी श्रेणीही नव्हती.

एप्रिल १९९१ मध्ये वेल्समध्ये पहिली स्त्री विश्वचषक स्पर्धा झाली. लंडनच्या रिचमंड क्लबमधील डेबोरा ग्रिफिन, स्यू डॉरिंग्टन, ॲलिस कूपर आणि मेरी फोर्सिथ या चौघींनी ती घडवून आणली. आंतरराष्ट्रीय मंडळाची मान्यता नव्हती आणि मोठा प्रायोजकही नव्हता. बारा देशांचे संघ आले. बहुतेकींनी प्रवासाचा व राहण्याचा भार स्वतःच उचलला. सोव्हिएत खेळाडूंपाशी परकीय चलन नसल्यामुळे त्यांनी आपल्याबरोबर आणलेल्या व्होडकासारख्या वस्तू विकून खर्च भागविण्याची खटपट केली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. नेदर्लंड्सचा संघ या बारांत होता आणि त्याच्या गटात अमेरिका व सोव्हिएत संघ होते. अंतिम सामन्यात अमेरिकेने इंग्लंडचा १९–६ असा पराभव केला.

या काळातील डच खेळाडूची कारकीर्द कशी असे, याचे चित्र या परिस्थितीवरूनच स्पष्ट होते. तिला मानधन नव्हते. पदरमोड मात्र होती. वर्षाकाठी आंतरराष्ट्रीय सामने मोजकेच मिळत. अभ्यास वा नोकरी सांभाळून सराव करावा लागे आणि स्पर्धेसाठी रजा मिळवावी लागे. आपण जे खेळत आहोत ते जगाच्या अधिकृत दप्तरात कधी नोंदले जाईल, याची शाश्वती नव्हती. मात्र मैदानावर समोर येणारा प्रतिपक्षही त्याच स्थितीत असे. गरिबी सर्वांचीच होती, म्हणून सामना बरोबरीचा होता.

४

पुढील विश्वचषक १९९४ मध्ये ॲमस्टरडॅम येथे भरावयाचा होता. डच स्त्री-रग्बीच्या बारा वर्षांच्या वाटचालीवर हा कळस चढला असता. परंतु आंतरराष्ट्रीय मंडळाकडून स्पर्धेला मान्यता मिळेना. मान्यता नाही म्हणून काही राष्ट्रीय संघटना आपले संघ पाठविण्यास कचरू लागल्या, आणि संघ नाहीत म्हणून स्पर्धेचा भरवसा उरेना. शेवटी डच संघटनेने यजमानपद सोडले. स्पर्धेला अवघे काही महिने उरले असताना स्कॉटलंडमधील स्त्री-खेळाडूंनी ती आपल्याकडे घेतली आणि सुमारे तीन महिन्यांत उभी केली. स्पेनच्या ऐनवेळच्या माघारीने रिकामी झालेली जागा स्कॉटिश विद्यार्थिनींच्या संघाने भरून काढली. न्यूझीलंड नव्हते, आणि नेदर्लंड्सही नव्हते. इंग्लंडने अमेरिकेचा ३८–२३ असा पराभव करून चषक जिंकला.

येथे वर उल्लेखिलेल्या दोन मार्गांतील भेद प्रकर्षाने जाणवतो. स्कॉटलंडमध्ये स्पर्धा उभी करणाऱ्या स्त्रिया स्वतंत्रपणे संघटित होत्या. मंडळाची अवकृपा झाली तरी त्यांना गमावण्यासारखे फारसे काही नव्हते. डच स्त्रियांची रग्बी राष्ट्रीय संघटनेचा एक भाग होती आणि त्या संघटनेला पुरुषांच्या रग्बीचेही हितसंबंध सांभाळावयाचे होते. मान्यतेवाचून स्पर्धा भरविणे हे स्कॉटिश स्त्रियांच्या दृष्टीने धाडस होते. डच संघटनेच्या दृष्टीने तोच शिस्तभंग ठरण्याचा संभव होता. ज्या आश्रयाने १९८२ चा सामना घडविला, त्याच आश्रयाने १९९४ ची स्पर्धा अडविली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

डच संघटनेच्या निर्णयाला केवळ भीरुता म्हणून निकालात काढणे मात्र अन्यायाचे होईल. मान्यतेच्या चौकटीत राहूनच स्त्रियांची रग्बी टिकेल, अशी त्यामागील धारणा असेल तर ती निराधार नव्हती. चार वर्षांनी तिचे फळही मिळाले. मे १९९८ मध्ये ॲमस्टरडॅम येथे जी विश्वचषक स्पर्धा झाली, ती आंतरराष्ट्रीय मंडळाच्या मान्यतेने झालेली स्त्रियांची पहिली स्पर्धा होय. सोळा संघ आले. अंतिम सामन्यात न्यूझीलंडने अमेरिकेचा ४४–१२ असा पराभव केला. १९९४ मध्ये हातचे गेलेले यजमानपद अधिक प्रतिष्ठेने परत आले होते.

परंतु याच स्पर्धेत नव्या युगाची लक्षणेही दिसली. न्यूझीलंडने जर्मनीला १३४–६ असे हरविले. दरम्यान, ऑगस्ट १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय मंडळाने पुरुषांच्या रग्बीला व्यावसायिकतेची मुभा दिली होती. त्यामुळे पुरुषांच्या मोठ्या संघटनांकडे पैसा, प्रशिक्षक आणि मैदाने यांचा ओघ सुरू झाला होता. स्त्रियांची रग्बी या संघटनांच्या कक्षेत जसजशी आली, तसतसा त्या ओघाचा अंश तिलाही मिळू लागला. ज्या देशांत पुरुषांची रग्बी बलाढ्य, तेथील स्त्रियांना तो अधिक मिळाला. ज्या देशांत ती दुबळी, तेथे तो क्षीणच राहिला. १९९१ ची सर्वांची समान गरिबी सात वर्षांत संपुष्टात आली होती.

५

२००२ च्या बार्सिलोना येथील विश्वचषकात सोळा संघांत नेदर्लंड्स होते. २००६ मध्ये कॅनडात झालेल्या स्पर्धेत संघांची संख्या बारावर आणण्यात आली आणि पुढील चार स्पर्धांत ती तेवढीच राहिली. कमी झालेल्या चार जागांचा फटका मध्यम व लहान देशांनाच बसणार हे उघड होते. २००२ नंतरच्या एकाही विश्वचषकात डच संघाला प्रवेश मिळालेला नाही; २०२५ मध्ये संख्या पुन्हा सोळा झाली तेव्हाही नाही.

विश्वचषक चार वर्षांतून एकदा येतो. संघाची जडणघडण होते ती वार्षिक सामन्यांतून, आणि येथे भूगोलाचा प्रश्न अधिक तीव्र होता. ब्रिटिश बेटांतील चार संघांची स्त्रियांची स्पर्धा १९९६ मध्ये सुरू झाली. १९९९ मध्ये तीत फ्रान्स आले. पुढे काही वर्षे स्पेनही तीत खेळत होते, आणि मैदानावरील कामगिरीच्या दृष्टीने त्या जागेवर स्पेनचा हक्क वाजवी होता. परंतु २००७ मध्ये स्पेनला वगळून इटलीला घेण्यात आले. कारण एवढेच की पुरुषांच्या सहा राष्ट्रांच्या स्पर्धेत इटली होते. स्त्रियांच्या स्पर्धेची रचना पुरुषांच्या स्पर्धेशी जुळती असावी, हे तत्त्व कामगिरीपेक्षा श्रेष्ठ ठरले. नेदर्लंड्सला या वर्तुळात जागा कधीच नव्हती. स्पेनच्या उदाहरणावरून इतके मात्र सिद्ध होते की केवळ चांगले खेळून तेथे जागा टिकविता येत नव्हती.

मान्यतेच्या या चौकटीतील विषमता पुढे आणखी वाढली. जानेवारी २०१९ पासून इंग्लंडच्या संघटनेने पंधरा जणींच्या संघासाठी अठ्ठावीस खेळाडूंना पूर्णवेळ करारबद्ध केले. दिवसभर सराव हेच जिचे काम आहे अशी खेळाडू, आणि दिवसाचे काम उरकून सरावाला येणारी खेळाडू, यांच्यातील अंतर कौशल्याचे नसून वेळेचे असते. ते अंतर जिद्दीने काही काळ भरून काढता येते. पिढ्यान्‌पिढ्या भरता येत नाही.

६

या घसरणीला एक अपवाद आहे आणि तो मुद्दाम विचारात घेतला पाहिजे. ऑक्टोबर २००९ मध्ये कोपनहेगन येथे सात जणांची रग्बी २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये समाविष्ट करण्याचा निर्णय झाला. त्यासरशी नेदर्लंड्समध्ये ऑलिंपिक क्रीडेसाठी असलेली यंत्रणा या खेळाकडे वळली. स्त्रियांच्या सात जणींच्या संघासाठी पूर्णवेळ सरावाची योजना आखली गेली आणि अन्य खेळांतील गुणी मुलींनाही तीत ओढण्यात आले. २०१२–१३ मध्ये स्त्रियांची जागतिक सेव्हन्स मालिका सुरू झाली, तेव्हा तिच्या सहा कायम संघांत ऑस्ट्रेलिया, कॅनडा, इंग्लंड, न्यूझीलंड आणि अमेरिका यांच्या पंक्तीला नेदर्लंड्स होते. मालिकेतील अखेरची फेरी मे २०१३ मध्ये ॲमस्टरडॅम येथेच झाली.

म्हणजे डच स्त्रियांत पात्रतेची वानवा नव्हती. वेळ व साधने मिळताच त्या पुन्हा पहिल्या सहांत आल्या. परंतु या साह्याचा हेतू ऑलिंपिक प्रवेश हा होता, आणि रिओ येथील बारा संघांत नेदर्लंड्सचा संघ नव्हता. ऑलिंपिकच्या आशेने आलेल्या कारकीर्दीचे आयुष्य त्या आशेइतकेच राहते. पंधरा जणींच्या रग्बीत डच संघ युरोपीय स्पर्धेत खेळत राहिला आणि २०२४ मध्ये दुबई येथे झालेल्या जागतिक तिसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेत फिजी, हाँगकाँग, मादागास्कर, सामोआ आणि स्पेन यांच्याबरोबर उतरला. १९९० मध्ये न्यूझीलंड व अमेरिका यांच्याबरोबर आमंत्रण मिळणाऱ्या संघाची ही तिसरी श्रेणी होती.

७

आंतरराष्ट्रीय मंडळाने १९९१ आणि १९९४ च्या स्पर्धांना मान्यता दिली ती २००९ मध्ये, म्हणजे पहिलीच्या बाबतीत अठरा वर्षांनी. हे विलंबाचे माप खेळाडूच्या आयुष्याशी ताडून पाहिले पाहिजे. १९८२ मध्ये उट्रेख्टच्या मैदानावर उतरलेली एखादी खेळाडू वीस वर्षांची होती असे धरले, तर पहिल्या मान्यताप्राप्त विश्वचषकाच्या वेळी ती छत्तीस वर्षांची आणि १९९१ च्या स्पर्धेला मान्यता मिळाली तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची झाली असेल. तिची सारी कारकीर्द मान्यतेच्या अलीकडे सुरू होऊन अलीकडेच संपली. तिच्यामागून आलेल्या पिढीला मान्यता मिळाली, पण अग्रस्थान राहिले नाही. ज्यांना स्थान होते त्यांना नोंद नव्हती आणि ज्यांची नोंद झाली त्यांना स्थान उरले नाही, ही या इतिहासातील खरी शोकांतिका होय.

यावरून मान्यता अनिष्ट होती, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. २७ सप्टेंबर २०२५ रोजी ट्विकनम येथे इंग्लंडने कॅनडाचा ३३–१३ असा पराभव केला, तो सामना पाहण्यास ८१,८८५ प्रेक्षक उपस्थित होते. ज्या खेळाला १९७२ मध्ये फ्रेंच शासनाने अयोग्य ठरविले होते, त्याने गाठलेली ही उंची मान्यतेवाचून शक्य नव्हती. त्या दिवशी उपविजेत्या ठरलेल्या कॅनडाच्या उदाहरणावरून हेही दिसते की पुरुषांच्या रग्बीतील दुय्यम देशाला वर येणे सर्वस्वी अशक्य नाही. डच स्त्रियांच्या पीछेहाटीस देशातील अन्य खेळांची ओढ आणि खेळाडूंची मर्यादित संख्या हीही कारणे आहेतच.

तरीही मुख्य मुद्दा शिल्लक राहतो. मान्यता म्हणजे आधीपासून असलेल्या गोष्टीवर उमटविलेला निव्वळ शिक्का नव्हे. ती त्या गोष्टीची पुनर्रचना करते, तिच्यातील क्रम बदलते आणि कोण केंद्रात व कोण परिघावर हे नव्याने ठरविते. म्हणून डच स्त्री-रग्बीपटूची कारकीर्द अधिकृत नोंदींतील सामन्यांच्या संख्येवर जोखणे म्हणजे मागाहून तयार झालेल्या मापाने आधीचे अंतर मोजणे होय. १९८२ मधील त्या चार गुणांच्या पराभवाचे मूल्य कोणत्याही क्रमवारीत सापडणार नाही. त्या सामन्याच्या आधी स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय रग्बीची क्रमवारीच नव्हती, आणि तो झाला म्हणूनच पुढे ती करता आली.